नावासकट नोंद

मितेशने गेटपासच्या प्रोग्राममध्ये पत्त्याची ओळ चुकवली आणि वळ गावच्या गोदामातून भरून निघालेले ट्रक मागच्या गेटने पुन्हा त्याच गोदामात येऊ लागले. नववा ट्रक आला तसा तो घाबरून अख्खी फाइलच उडवायला निघाला. “हात काढ, येड्या!” शेजारच्या टेबलावरची हेमाली ओरडली. “उडवायचं नाही, सबव्हर्जनमध्ये प्रत्येक बदलाची नोंद असते, तिथून बदल उलटा फिरवायचा. चूकही नोंदीत राहते, करणाऱ्याच्या नावासकट.” कालची ओळ परत आली; दहावा ट्रक ठरल्या पत्त्यावर, नारपोलीकडे वळला. दारात मालक काळूरामशेठ ऐकत होते. “नाव हाय ना? मंग दाखव. ज्याचं निघंल, तो आत्ताच कायमचा घरी.” मितेशने डोळे मिटले. हेमालीने नोंद उघडली. पण या ऑफिसात खुर्चीपासून माठापर्यंत सगळ्यावर शेठचंच नाव घालायची पद्धत होती. लॉगिनही सगळे त्याच नावाने करत. शेठनी मॉनिटर दोनदा वाचला. मग डबा उचलून घरी गेले.