नळ बंद आहे

"उतरायला सोपं आहे हो, चढताना जीव जातो. या उन्हात खाली जाऊ नका!" ॲरिझोनातल्या त्या खोल दरीच्या वाटेवर व्हर्ना, तिथली वनरक्षक, घसा फोडून सांगायची आणि लोक "बरं बरं" म्हणत उतरायचेच. शेवटी वैतागून तिने थाप मारली, "खालचा नळ बंद पडलाय. पाण्याचा थेंब नाही." ही मात्रा लागू पडली. भरपूर पाणी घेतलेली एक पोरगी तेवढी पुढे गेली, बाकीचे मुकाट्याने मागे फिरले. खोटं बोलल्याचं व्हर्नाच्या मनाला लागलं, पण माणसं वाचली, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

दुपारी खालून चढून आलेला एक म्हातारा तिच्या पुढ्यातच कोसळला. बाटली कोरडी ठाक. तिने त्याला सावलीत ओढलं, डोक्यावर पाणी ओतलं, घोटघोट पाजलं.

"अहो आजोबा, येताना नळावर बाटली भरून घ्यायची नाही का?"


"नळ बंद आहे ना! एका भल्या पोरीने वाटेतच सांगितलं म्हणून बरं, नाहीतर तिकडे वळून उगाच हेलपाटा पडला असता."