खवट तेल

रंभाबाईंनी केसांच्या तेलाची बाटली जागृतीच्या टेबलावर आपटली. "वास घे, बाय. सुका बोंबील असा खवटला तं आमी फेकतो. तुमी बाटलीत भरता?"

शिरगावहून बोईसरला सुकी मासळी विकायला येणाऱ्या बाईंचं नाक चुकणार नव्हतं. जागृतीने झाकण उघडलं आणि लगेच लावून टाकलं. एमआयडीसीतल्या त्या छोट्या कारखान्यात मालाची तपासणी तिच्याकडे होती. बाटलीवर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, 'व्हिटॅमिन ईयुक्त'.

कारण तिला ठाऊक होतं. पूर्वी तेलात साधं टोकोफेरॉल, म्हणजे मोकळं व्हिटॅमिन ई, घालत. ते हवेचा मारा स्वतःवर घेई, झिजे आणि तेलाला वाचवी. वर्षापूर्वी कारखान्याचे मालक मेहुलशेठनी त्याच्या जागी टोकोफेरिल ॲसिटेट आणलं. तेही व्हिटॅमिन ईच, पण तोंड बांधलेलं. पोटात गेलं की शरीर त्याची गाठ सोडतं. बाटलीत मात्र ते नुसतं बसून राहतं. जागृतीने तेव्हाच हरकत घेतली होती. शेठ हसले होते. "ई म्हणजे ई. गिऱ्हाईक काय रसायनशास्त्र शिकून येतंय?"

या वेळी तिने वाद घातला नाही. वर्षभर जपून ठेवलेल्या जुन्या आणि नव्या तेलाच्या बाटल्या तपासल्या, अहवाल लिहिला, सही केली. नोकरी गेली तर जाऊ दे, असं घरी सांगून ती शेठच्या केबिनमध्ये शिरली.

शेठनी अहवाल चक्क वाचला. दोनदा.

"म्हणजे जुन्या तेलातलं ई निम्मं संपलं?"

"हो. काम करून संपलं. म्हणून तर तेल चांगलं राहिलं."

"आणि नव्यातलं?"

"जसंच्या तसं आहे, शेठ. त्याने काही केलंच नाही."

शेठ खुर्चीतून उठले. "जागृतीबेन, हे आधी का नाही सांगितलं?" त्यांनी चहा मागवला, तोही बिस्किटांसकट. घरी जाताना जागृतीला वाटलं, खरं कागदावर मांडलं की माणूस ऐकतो. आपणच उगाच घाबरलो.

आठवड्याने बोईसर स्टेशनबाहेर भलामोठा फलक झळकला. 'वर्षभरानंतरही व्हिटॅमिन ई शंभर टक्के कायम! प्रयोगशाळेत तपासलेलं.'

जागृतीने तो तीनदा वाचला. खोटा शब्द एकही नव्हता, आणि खाली सही तिची होती.