लवूची सासुरवाडी मुक्त झाली

गोवा भारतात आला, तसे आरोंद्यात, खाडीच्या भारताकडल्या काठी, ढोल वाजू लागले. पोर्तुगीज गेले, हद्द उठली, ये-जा मोकळी झाली. सगळा गाव नाचत होता. लवू तेवढा एका माडाला धरून उभा होता.

"नाच मरे लवू! तुझी सासुरवाडी सुटली!"

"नाचतंय," लवू म्हणाला, आणि घरी जाऊन त्याने दाराला आतून कडी घातली.

हद्द बंद झाल्यापासून तो बायकोला, मथुरेला, रोज मारी. कधी आमटीत मीठ कमी पडलं म्हणून, कधी बरोबर पडलं म्हणून. तिचं माहेर खाडीपलीकडे, म्हणजे परदेशात. विचारायला येणार कोण?

पहिल्याच होडीने तिचे चार भाऊ आले. वल्ही होडीत ठेवायला विसरले होते. कडी दारासकट आत आली.

"अरे, आता आपण एकाच देशातले!" लवू ओरडला.

"म्हणानच इलंव, भावोजी," थोरला म्हणाला, आणि पहिलं वल्हं लवूच्या गुडघ्यावर मोडलं.

मथुरेने चुलीवर भाताचा मोठा टोप चढवला.

"सावकाश होवंदे रे दादा," ती म्हणाली. "आता हद्द काय बंद होवची नाय."