सर्वात शांत मूल

स्टीलचा पेला फरशीवर पडला, तेव्हा अंगणवाडीतली बारा मुलं पेल्याकडे वळली. चार वर्षांच्या तेजस्वीनं बापाच्या हातांकडे पाहिलं. पालकसभेत तिला ‘सर्वात शांत मूल’ म्हणून बक्षीस मिळत होतं. “पोर रडत न्हाय, हट्ट न्हाय,” सेविका कोकिळाताई म्हणाल्या. “मी नुसते डोळे वटारले तरी पुरतं,” बाप म्हणाला. सगळे हसले. तिची आई प्रज्ञा हसली नाही. मुरुडच्या डॉक्टरीणबाईंनी तिला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं: घरात मारहाण बघणाऱ्या मुलाचा मेंदू धोक्यावर नजर ठेवण्यातच थकतो, बोलणं मागं पडतं, सुरक्षित घर मिळालं तर सावरतोही. तरीही प्रज्ञा नवरा सुधारण्याची वाट बघत राहिली. तिनं बक्षिसाची रंगपेटी परत केली. “ताई, ही शांत न्हाय, घाबरलीय. हा मला मारतो, ही बघते. आम्ही दोघी आजपासून पालीला, आईकडे राहणार.”