पुढचं वाचा, भावजी

"अपडेट केल्यास पुढील प्रोग्राम काढून टाकले जातील," संगणक म्हणाला आणि सपाट आवाजात नावं वाचू लागला.

घरातल्या थोरल्या सुनेला दिसत नव्हतं. पडद्यावरची प्रत्येक ओळ हा आवाजच तिला सांगायचा. नोकरीची चाचणी तासाभरावर आली होती आणि चाचणीवाल्यांना संगणकाची लिनक्स प्रणाली ताजी केलेली हवी होती. ऐकता ऐकता एक नाव तिने पुन्हा वाचून घेतलं. ते त्या आवाजाचंच नाव होतं. बिचारा आपलंच मरण वाचून दाखवत होता, तेही न अडखळता.

"वहिनी, हो म्हणा की. एवढा कसला विचार?" मागे उभा असलेला धाकटा दीर करवादला. तिचं उरकलं की त्याला याच संगणकावर बसायचं होतं. संध्याकाळी गिऱ्हाईक फिल्म न्यायला येणार होतं आणि तिची कापाकापी, म्हणजे एडिटिंग, अजून अर्धी बाकी होती.

"भावजी, जरा थांबा, यात माझा..."

त्याने तिच्या खांद्यावरून हात घालून बटण दाबलंच.

थोड्या वेळाने आवाज शब्दाच्या मध्येच तुटला. थोरलीने कळ दाबली, पुन्हा दाबली. नुसता पंखा घरघरत होता. ती इतकी घाबरली की तिला धड रागावताही येईना.

तिचा चेहरा पाहून दिराचं तोंड उतरलं.

"आता तुम्ही वाचा," ती म्हणाली. "एक अक्षर गाळायचं नाही."

तो स्टूल ओढून बसला. ती टाइप करायची, तो अडखळत वाचायचा. हळूहळू भानगड कळली. आवाजाला आतल्या एका छोट्या पॅकेजची, म्हणजे मदतीच्या एका सुट्या भागाची, जुनी आवृत्ती लागायची. दुसऱ्या कुठल्याशा प्रोग्रामपायी अपडेटने नवी आणून बसवली होती, आणि दोघी एका घरात नांदायला तयार नव्हत्या.

"मग जुनीच परत आणते. चाचणीला ही नवी लागत नाही."

"पुढील प्रोग्राम काढून टाकले जातील," दिराने एवढंच वाचलं.

"पुढचं वाचा, भावजी."

स्टूल करकरलं.

"अहो, वेळ नाही. काय जाणार आहे?"

"आहे एक. तुमच्या कामाचं नाही," तो म्हणाला. "दाबा तुम्ही."

तिने दाबलं. बराच वेळ तो नुसता "चाललंय, चाललंय" म्हणत राहिला आणि मग उठून बाहेर गेला. तिने चाचपडत आवाज सुरू करायची आज्ञा टाइप केली. आवाज बोलू लागला तसा तिचा जीव भांड्यात पडला. नेहमीच्या सवयीने तिने झालेलं सगळं त्याच्याकडून वाचून घेतलं. काढून टाकलेल्यांत एकच नाव होतं, दिराच्या फिल्म कापायच्या प्रोग्रामचं.

"भावजी?"

तिने संगणकाचा आवाज बारीक केला. गॅलरीतून दीर गिऱ्हाइकाशी फोनवर बोलताना ऐकू आला.

"नाही साहेब, आज फिल्म मिळणार नाही. मशीन ठणठणीत आहे. चूक माझी झाली."