मनोरमाची अट

सूक्ष्मदर्शकाखालची पहिली काच डॉक्टर पंचशीलाने चटकन बाजूला ठेवली. साधा तीळ. पेशी शहाण्या मुलांसारख्या घोळके करून बसलेल्या, खाली जाव्यात तशा लहान होत गेलेल्या. असा तीळ माणसाने जन्मभर खुशाल मिरवावा.

दुसऱ्या काचेवर मात्र तिचा हात थांबला. घोळके मोडले होते. काळ्या पेशी सुट्या सुट्या होऊन कातडीच्या वरच्या थरात चढल्या होत्या, लहानमोठ्या, वेड्यावाकड्या. तिने भिंग बदलून पुन्हा पाहिलं. मेलॅनोमा. कातडीचा कॅन्सर.

बाहेर बाकावर मनोरमा रिपोर्टची वाट बघत होती. ती चौक गावाहून भाईंदरला येऊन पंचशीलाच्या सोसायटीच्या गेटवर मासे विकायची. पापलेट साफ करताना तिच्या मनगटावरचा काळा तीळ पंचशीलाला दिसला, आणि काढून तपासायचा हट्ट तिनेच धरला. दिवसभर कोयत्यावर मासे कापणारी ही बाई डॉक्टरच्या सुरीला घाबरेल असं कुणाला वाटलं नसतं. पण तिने अट घातली.

"होडीत एकटं कोन बसतं गो बाय? तू पन चल माझ्यासंगं."

पंचशीलाला हसू आलं होतं. तरी रजा टाकून ती गेली होती.

"सर, जरा बघता?"

लॅबमधले वयस्कर डॉक्टर गुणवंत बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसले.

"तुमचं बरोबर आहे. पण पातळ आहे, खोल गेलेला नाही. आजूबाजूचं थोडं कापलं की सुटका. जिवावरचं बोटावर निभावलं म्हणा." मग तिच्याकडे बघून म्हणाले, "आधी पाणी प्या."

"मावशीला सांगून येते."

ती जरा लंगडतच बाहेर आली. मनोरमाचे मासळीच्या वासाचे हात तिने घट्ट धरले आणि तिला रडू आवरेना.

मनोरमाचा चेहरा उतरला. "खराब हाय ना? सांग. मी न्हाय भीत."

"तुमचा साधा आहे, मावशी. अगदी साधा. तुमचे उपकार मी कसे फेडू?"

"माझे कसले उपकार? तूच तं माझ्या मागं लागलीस. मंग रडतंस कशाला?"

पंचशीलाने डावी चप्पल काढली आणि टाचेवरची पट्टी तिला दाखवली.

"खराब निघाला तो हा, मावशी. तुम्हाला सोबत म्हणून काढलेला."