पाचवी पायरी

नवा कामगार खाटेवर बसला होता. उजव्या हाताला बँडेज. यंत्राची माहितीपुस्तिका टाइप करणारे काका दाराशीच घुटमळले. छपाईआधी त्यांनी यादीत सुरुवातीला ‘हातमोजे घाला’ ही पायरी वाढवली होती. संगणकाने पुढचे आकडे आपोआप सरकवले; ‘यंत्र बंद करा’ पाचवीची सहावी झाली. तळाशी त्यांनी आधीच लिहिलेलं वाक्य मात्र तसंच राहिलं: ‘पाचवी पायरी झाली की झाकण उघडा.’ कामगाराने उघडलं तेव्हा यंत्र चालू होतं. “या काका! डोळे फुटले होते माझे, नीट वाचलंच नाही. साहेब म्हणाले, धड वाचता येत नसेल तर घरी बस.” काका आत आले. “तू बरोबरच वाचलंस, बाबा. चूक माझी. साहेबांना सांगून आलोय.” शिव्या पडतील म्हणून त्यांनी मान खाली घातली. कामगार स्वयंपाकघरातल्या बायकोकडे वळून ओरडला, “अगं ऐकलंस? मला वाचता येतं!”